तिसऱ्या मजल्यावरचा टब

शेवंती ठाण्याजवळच्या दिव्यात राहायला आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी तिची पाण्याच्या मागे धावण्यात गेली असतील. पाणी कधी पहाटे यायचं, कधी भर दुपारी, कधी यायचंच नाही. आलं की हातातलं काम टाकून ड्रम भरायचा, हंडे भरायचे आणि मग डोंबिवली गाठायची. तिथल्या एका पोळी-भाजी केंद्रात ती रोज तीनशे पोळ्या करायची. तव्याच्या धगीनं अंग भाजून निघायचं. घरी येऊन चार तांबे अंगावर घेतले की झाली आंघोळ. पाचवा घ्यायला हात धजावत नसे.

लहानपणी संगमेश्वराकडच्या गावी ती पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाहत्या पाण्यात तासन्‌तास पडून राहायची. काठावरून हाका मारून आई दमायची. हे तिनं एकदा सुनेला, रुचिताला, सांगितलं होतं. विनीत आणि रुचिता बदलापूरला वेगळे राहायचे, पण पोर मायेची. सासूसासऱ्यांच्या लग्नाला तीस वर्षं होतायत म्हटल्यावर तिनं कल्याणबाहेर मुरबाड रस्त्याला एक हॉटेल बुक केलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. पांढराशुभ्र टब, काठोकाठ भरलेला.

“आई, यात नुसतं पडून राहायचं. कुणी उठवणार नाही तुम्हाला.”

“एवढं पाणी? एका माणसाला?” शेवंती फोटोवरून नजर काढेना.

पुढचे पंधरा दिवस तिनं केंद्रावरच्या बायकांना टबाबद्दल सांगून सांगून पिडलं. पिशवीत नवा टॉवेल, उटणं आणि वासाच्या तेलाची बाटली आठवणीनं भरली.

शनिवारी दुपारी ती आणि तिचा नवरा दगडू हॉटेलसमोर रिक्षातून उतरले. लिफ्ट बंद होती, जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. खोलीच्या भिंतीला ओल आली होती, चादरीवर कुणाचे तरी केस होते. शेवंतीनं तिकडे पाहिलंही नाही. ती तडक बाथरूममध्ये गेली.

टब होता. पिवळा पडलेला, बुडाला तडा गेलेला. त्यात फिनेलचे डबे, लादी पुसायची फडकी आणि संडासाचं तुटकं झाकण कोंबून ठेवलं होतं. तिनं नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला, गंजके चार थेंब पडले.

खाली काउंटरवर अनिमेष नावाचा मॅनेजर बसला होता. “मोटर जळालीय, मॅडम. टँकर बोलावलाय. आणि टब दोन वर्षं बंदच आहे, फोटो जुना आहे तो.”

“मग दुसरी खोली द्या.”

“सगळीकडे हेच आहे.”

शेवंतीनं दगडूकडे पाहिलं. तो ठाण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. कुणी अरेतुरे केलं तरी सलाम ठोकायची त्याला सवय. आज तरी हा बोलेल असं तिला वाटलं.

“जाऊ दे गं,” दगडू म्हणाला. “आपल्याला काय, सवयच आहे. निघून गेलो तर रुचिताला वाईट वाटेल.”

तो कोरडा टब पाहून लागलं नव्हतं इतकं तिला हे बोलणं लागलं.

चार वाजता टँकर आला. मोटर नसल्यानं पाणी वर चढेना, म्हणून पाहुण्यांनीच बादली घेऊन खाली यावं असा निरोप आला. शेवंती रांगेत उभी राहिली. पुढे प्रियांका नावाची, नुकतंच लग्न झालेली मुलगी होती. तिची बादली डचमळून कपडे भिजत होते.

“एवढी भरू नको, पोरी. आणि हात बदलत ने, म्हणजे दंड भरून येत नाही.”

मुलगी कौतुकानं हसली. “थँक्यू, मावशी. तुम्ही इथंच कामाला आहात का?”

“नाही,” शेवंती म्हणाली. “राहायला आलेय.”

मुलगी ओशाळली, सॉरी सॉरी म्हणू लागली. शेवंतीनं आपली बादली उचलली आणि तीन जिने चढली. पहिल्या मजल्यावर थांबली नाही, दुसऱ्यावरही नाही. दगडूनं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि अर्धी तिच्यासाठी ठेवली. तिनं फक्त हातपाय धुतले. उटण्याची पुडी तिनं उघडलीच नाही.

रविवारी सकाळी चहाही न घेता दोघं निघाले.

केंद्रावर कल्पितानं विचारलं, “काय गं, टबात बसलीस का?” शेवंती म्हणाली, “मोटर बिघडलेली,” आणि कणकेचा गोळा पुढे ओढला. रुचितानं हॉटेलला फोन लावून लावून भांडण काढलं, मग घरी येऊन म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी मी आधी स्वतः जाऊन बघून येते.”

“नको गं, बाई. मला नाही कुठं जायचं.”

ती रागावली नव्हती, रडलीही नाही. पण त्यानंतर तिनं कशाचंच नाव काढलं नाही. दिवाळीला विनीतनं विचारलं, “आई, साडी कुठल्या रंगाची आणू?”

“कुठलीही आण,” ती म्हणाली.