पूररेषा दोनशे चाळीस

एकनाथराव उदगीरकरांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. जामबागेतल्या आमच्या मराठी वाचनालयात सात वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसलो, पण ते चहात साखर किती घेतात, भावंडं किती, गाव उदगीरच की जवळचं एखादं खेडं, यातलं मला काही ठाऊक नाही. वार्षिक अंकात त्यांच्यावर कुणीतरी लिहावं असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं, कारण सगळे म्हणाले, "तुम्हीच तर रोज त्यांच्यासोबत असायचे." ते खरं आहे. मला लिहायची सवय नाही. डोळ्यांसमोर घडलं तेवढं सांगतो.

संध्याकाळी पाच ते आठ मी वाचनालय उघडून बसायचो. वर्तमानपत्रं लावणं, जुनी बांधून कपाटात ठेवणं, फाटक्या पुस्तकांना कव्हर घालणं, ही माझी कामं. एकनाथराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. नव्वद साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात बगलेत आलेखाच्या कागदाची सुरळी घेऊन आले.

"भाऊसाहेब, चौऱ्याऐंशीपासूनचे इंग्रजी पेपर आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत. कशाला हवेत?"

"दख्खन व्हॉल्व्ह्जचा मागचा भाव बघायचाय."

ही पाण्याच्या मोठ्या नळांचे व्हॉल्व्ह बनवणारी इथलीच कंपनी. तिचे सहाशे शेअर त्यांनी एकोणनव्वदमध्ये एकतीस रुपयांनी घेतले होते. नोकरीभर साठवलेल्यातले बरेचसे पैसे त्यात गेले होते. आता त्यांना पाहायचं होतं, आपण घेण्याआधी हा शेअर कुठं कुठं फिरून आला.

दर शुक्रवारचा बंद भाव पेपरातून शोधायचा आणि कागदावर एक ठिपका द्यायचा, अशी त्यांची पद्धत. सहा वर्षांचे ठिपके द्यायला चार महिने लागले. शहाऐंशीच्या सप्टेंबरात भाव दोनशे चाळीसला गेला होता. त्या उंचीवर त्यांनी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पूररेषा'.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नदीवर पूल बांधताना आज पाणी किती आहे ते आम्ही बघत नाही. मागं पाणी कुठवर चढलं होतं ते बघतो. एकदा चढलं, तिथवर पुन्हा चढतं."

सत्त्याऐंशीच्या पहिल्या सहा महिन्यांचे पेपर मात्र नव्हते. त्या कपाटाला वाळवी लागली होती म्हणून मी ते रद्दीत घातले होते. त्या सहा महिन्यांआधीचा शेवटचा ठिपका सव्वादोनशेवर होता, नंतरचा बहात्तरवर. एकनाथरावांनी मधे तुटक रेघ काढली. "तेव्हा बाजार पडला असेल," म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

टेबलाशी पोस्टातून निवृत्त झालेले नामदेवराव बसत. त्यांना रेसचा नाद.

"उदगीरकर, मलकपेठला घोड्यांचं पुस्तक पाच रुपयांत मिळतं. त्यातपण मागच्या दहा रेसा छापलेल्या असतात. वाचून वाचून माझी सायकल विकली गेली!"

"घोडा म्हातारा होतो, नामदेवराव. कंपनी होत नाही."

"हौ? मग माझ्या मेव्हण्याची गिरणी काय तरुणपणी मेली?"

एकनाथरावसुद्धा हसले. त्यांना हसताना मी तीन-चारदाच पाहिलं असेल.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यानंतर सगळंच हललं. सरकारनं धोरण बदललं, परदेशी पैसा येणार म्हणू लागले, कोठी भागातल्या पुस्तकवाल्यांच्या फळीवर शेअरबाजाराची पुस्तकं दिसू लागली. दख्खन व्हॉल्व्ह्ज दिवाळीला पंचेचाळीस, संक्रांतीला साठ. एकनाथराव साडेचारलाच वाचनालयाच्या दाराशी येऊन उभे राहू लागले. सकाळी घरी पेपर वाचलेला असायचा, तरी आमच्या पेपरात तोच भाव आहे का हे त्यांना बघायचं असे. खुर्चीवर बसत नसत. उभ्यानं वाचायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे. पेन्सिलीचं टोक चाकूनं इतकं काढायचे की पेन्सिल आठवड्यात संपायची.

मार्चमध्ये त्यांच्या घरमालकानं घर विकायला काढलं. मलकपेठेतल्या त्या घरात उदगीरकर सत्तावीस वर्षं भाड्यानं होते. हाजीसाब भला माणूस. म्हणाला, "उदगीरकर साब, पैले तुमकू पूछरौं. एक लाख चालीस. पचास हजार बयाना एप्रिल खतम तक देव, बाकी साल भर में." एप्रिलअखेर हा इसार मिळाला नाही तर तो दुसऱ्याला देणार होता. मुलाकडे जेद्दाला जायची घाई होती त्याला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुशीलाबाई, त्यांच्या पत्नी, वाचनालयात आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहून बोलल्या.

"भाऊजी, आज भाव काय आहे?"

"ब्याऐंशी."

"पंच्याऐंशीला विकले की बयान्याचे पन्नास हजार होतात. मी हिशोब केलाय. पण हे म्हणतात, दोनशे चाळीस होऊ दे, बयाना कशाला, सगळं घर एकदम घेऊ. भिंतीवर तो कागद लावलाय. देवासमोर हात जोडावेत तसे त्याच्यासमोर उभे राहतात. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो. एकनाथराव माझं ऐकतील असं मला वाटत नव्हतं. मला शेअरमधलं काय कळतं?

त्या शनिवारी एका कादंबरीचं फाटकं कव्हर बदलायला घेतलं. आतला कागद जुन्या वर्तमानपत्राचा निघाला. रद्दीत घालायच्या पेपरांतली बरी पानं मी कव्हरांसाठी काढून ठेवत असे. टाकून देणार तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात नाव दिसलं. एप्रिल सत्त्याऐंशीची सूचना होती. दख्खन व्हॉल्व्ह्जच्या प्रत्येक शेअरमागं दोन शेअर फुकट, बोनस म्हणून.

मी दोनदा वाचलं. एकाचे तीन झाले तर प्रत्येकाचा भाव तिसऱ्या हिश्शावर येणार, एवढं माझ्यासारख्यालाही समजलं. म्हणजे बाजार पडलाच नव्हता. दोनशे चाळीस म्हणजे आजच्या शेअरचे ऐंशीच. आणि त्या दिवशीचा भाव होता शहाऐंशी.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारी एकनाथराव आले, तेव्हा खिशावर हात ठेवूनच बसलो. वाटलं, नकाशे काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला मी काय शिकवू? माझं चुकत असेल तर? नामदेवरावांसमोर कसं सांगू? मंगळवारी नामदेवराव आले नाहीत, तरी मी बोललो नाही. एकनाथराव खिडकी आणि टेबलामधे येरझारा घालत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. भाव सोमवारी सत्त्याऐंशी, मंगळवारी अठ्ठ्याऐंशी.

बुधवारी आठ वाजता कुलूप लावताना कागद काढून दिला. "हे बघा जरा. मला नीट कळत नाही."

दिव्याखाली धरून त्यांनी वाचलं. मग खाली पायरीवर बसले, सुरळी उघडली आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. शहाऐंशी सालच्या ठिपक्यांशेजारी भराभर आकडे लिहू लागले. दोनशे चाळीस, ऐंशी. दोनशे दहा, सत्तर. सव्वादोनशे, पंचाहत्तर. पंचाहत्तरचा ठिपका बहात्तरच्या रांगेत येऊन बसला. तुटक रेघ उरलीच नाही.

"पट्टी बदलली होती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नदीत पाणी मोजायची पट्टी असते. पुरात वाहून गेली की नवी ठोकतात, कधी खाली, कधी वर. मग जुने सगळे आकडे नव्या पट्टीवर आणून घ्यावे लागतात. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं मला." पेन्सिल मला परत देत म्हणाले, "पाणी रेषेच्या वर गेलंय, भाऊसाहेब. उद्या सकाळीच विकतो."

कागदाच्या घड्या त्यांनी बोटानं सपाट केल्या. घड्या काळ्या पडल्या होत्या, कडा घामानं मऊ झाल्या होत्या. त्यांनी त्याकडे पाहिलं, नक्की पाहिलं. विचारलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या बँकांच्या पैशाचा मोठा घोटाळा पेपरात आला. एकनाथराव दहा वाजता कोठीतल्या दलालाच्या जिन्यात पोचले, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे विकायला आलेले. दलाल म्हणाला, "गिऱ्हाईकच नाही साब, कल देखो." पुढच्या आठवड्यात एकसष्टला काही शेअर गेले, उरलेले त्रेचाळीसला. तीसच हजार जमले. हाजीसाब मे महिन्याचे आठ दिवस थांबला, मग त्यानं घर एका औषधवाल्याला दिलं.

शनिवारी दिला असता तर सोमवारी सहाशेच्या सहाशे शहाऐंशीला गेले असते. हे मी एकनाथरावांना सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितोय. अंकवाल्यांनी हवं तर काढून टाकावं.

जूनमध्ये उदगीरकर दिलसुखनगरच्या पुढं दोन खोल्यांत राहायला गेले. एकनाथराव आठवड्यातून दोनदा बसनं येत राहिले. शेअर एकही उरला नव्हता, तरी आलेख त्यांनी नव्यानं काढला, जुने सगळे आकडे तीननं भागून, आणि ती सूचना कोपऱ्यात डकवली. वाचनालयात कुणी शेअरचं विचारायला आलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "मधे बोनस कधी दिला होता? ते आधी शोधा. मग मागचा भाव बघा." लोकांना ते कंटाळवाणं वाटे. सुशीलाबाई मला नंतर एकदाच भेटल्या, भाजीच्या गाडीपाशी. भाऊजी म्हणून हाक मारली, बरं आहे ना विचारलं. मी बरं आहे म्हणालो आणि लवकर निघालो.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, एका शुक्रवारी, एकनाथराव नेहमीसारखे संध्याकाळी साडेसातला घरी जायला उठले. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. चार दिवसांनी ते झोपेतच गेल्याचा निरोप आला. त्या शुक्रवारी मला खिशातल्या त्या कागदाबद्दल बोलायचं होतं. दोन-तीन वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. मी टेबल आवरत होतो, ते दारात चपला घालत होते.

"भाऊसाहेब, बडी चावडीचा चष्मेवाला रविवारी उघडा असतो का हो?"

"अर्धा दिवस असतो बहुतेक. विचारून ठेवू का?"

"नक्को, मीच बघतो जाऊन."

"बरं."