घोरपडीचा दोर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्याला मी बहुतेक सगळं सांगते. तुमच्याजवळ का बोलते आहे, तेही मला नीट सांगता येणार नाही.

मी राजूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन डोंगरात जायचं, साप-सरड्यांचे फोटो काढायचे, हे माझं जुनं वेड. प्राण्याला हात लावायचा नाही, त्याच्या जागेत त्याला त्रास द्यायचा नाही — हे मी मुलांना सांगते. वनखात्याच्या कार्यक्रमातही सांगितलं आहे. आणि मी तसं वागतेही. बहुतेक वेळा.

धोंडामावशी शेळ्या राखायची. साठीची असेल. कुठल्या खडकावर ऊन आधी येतं, कुठल्या कपारीत घोरपड राहते, सगळं तिनंच मला दाखवलं. माझ्या चांगल्या फोटोंतले निम्मे तरी तिनं बोट दाखवलं म्हणून मिळाले. एकाही फोटोखाली मी तिचं नाव घातलं नाही. पण सांगायचं आहे ते हे नाही. मी उगाच लांबण लावते आहे, नाही का?

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. कपारीतली घोरपड रोज उन्हाला यायची, आणि मी कॅमेरा उचलला की आत पळायची. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "मावशी, धरता येईल का हो तिला? दहाच मिनिटं."

"धरायची कशाला, बाई? येतीया की आपल्या पायानं."

मी पुन्हा म्हणाले. शाळेच्या बाईंना दोनदा नाही म्हणणं तिला जमलं नाही.

मावशीनं घोरपड धरली. शेळीचा दोर तिच्या कमरेला बांधला, दुसरं टोक करवंदीच्या जाळीला. फोटोत दिसू नये म्हणून दोरावर वाळलेलं गवत मी पसरलं — ते माझे हात होते. घोरपडीनं खूप ओढ दिली, नखांनी खडक खरवडला. मग दमली. मान उचलून स्थिर राहिली. मी फोटो काढला.

तेवढ्यात पायवाटेनं वनरक्षक वर आला. वनखात्याच्या कार्यक्रमाला मला बोलावणारा तोच. माझ्याकडे बघून हसला. मग त्याला दोर दिसला.

"कोणी बांधली ही?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. घाबरली नव्हती. बाई आता सांगतील, अशी नुसती वाट बघत होती.

मी म्हणाले, "मी आले तेव्हा बांधलेलीच होती."

अडखळलेसुद्धा नाही. नोकरी जाईल म्हणून? तो विचार नंतर आला. त्या क्षणी मला फक्त त्या माणसापुढे चांगलं राहायचं होतं.

मावशी म्हणाली, "व्हय. मीच बांधली."

त्यानं घोरपड सोडली, पंचनामा केला. साक्षीदार म्हणून सही माझी. मावशीला जीपमधून नेलं. शेळ्या मी खाली हाकायला लागले, पण त्या माझं ऐकेनात. नेलं तिकडेच बघत उभ्या राहिल्या.

मांसासाठी शिकार, असा गुन्हा लागला. चार दिवस कोठडी, मग अकोले तालुक्याच्या कोर्टात तारखा. माझी साक्ष झाली. विचार करायला तोवर कितीतरी महिने मिळाले होते — आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. शपथेवर.

बाहेर व्हरांड्यात मावशी भिंतीला टेकून बसली होती. मला चुकवता आलं नाही. तिनं विचारलं, "बाई, फुटू चांगला आला का?"

फोटो फार चांगला आला होता. शाळेत तो फ्रेम करून लावलेला होता. मी म्हणाले, "नाही, मावशी. हलला."

"मंग उगंच बांधली बिचारीला," ती म्हणाली. "लई वढत हुती."

निकाल लागण्याआधीच ती गेली. तिच्या वाडीत, बाजारात, अजूनही तिचा विषय निघाला की लोक म्हणतात, ती होय, घोरपड मारून खाणारी. माझ्यासमोर म्हणतात, मला यातलं कळतं म्हणून माझ्याकडे बघून म्हणतात.

मी काही बोलत नाही. परवाच्या बाजारातही बोलले नाही.