सुपातल्या ढिल्या बिड्या

निर्मलाबाईनं माह्या पोरीच्या पिक्चरमंधी खोट काढली, तवा मी तिच्या तोंडावर म्हनलं, "दुसरी पास बाईनं नागपुरात शिकलेल्या पोरीले शिकवू नये." म्हनलं त म्हनलं. मी शालू. माह्या जिभेले लगाम नाई, हे साऱ्या आंधळगावाले ठाऊक आहे. पन त्या दुपारी मी जे पाहिलं, ते आठवलं का अजूनबी अंगावर काटा येते.

निर्मलाबाईचं अंगन म्हनजे आमचं टाकीज. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं अन् तंबाखू, समोर ओसरीत टीव्ही. आमी सात-आठ बाया तिथं बिड्या वळत बसतो. गावात टीव्ही आला तवापासून निर्मलाबाईनं एकबी सिरियल सोडली नाई, अन् एकीचीबी खोटी तारीफ केली नाई. एखादा नवरा तिसऱ्यांदा मरून परत आला का म्हनते, "लिवनाऱ्याले सुचून नाई राहिलं." मोबाईलवरच्या सिरीजबी पाहाते. त्याईच्यातल्या शिव्या ऐकून मी लाजली त निर्मलाबाई हासली, "अवं, नळावर याच्याहून झाक ऐकाले भेटते!"

माही टीना नागपुरात पिक्चर बनवाचं शिकली. सिरीज बनवनाऱ्या एका कंपनीनं तिले दहा मिनिटाचा पिक्चर मागतला होता, सोमवारी पाच वाजेपर्यंत. पसंत पडला त लिवाची नोकरी. नाई त तिच्या बापानं, श्रावणनं, तुमसरचा एक पोरगा पाहूनच ठेवला होता. लग्नाच्या नावानं पोरगी रडून राहिली होती. मनून सोमवारी दुपारी आमी लॅपटॉप निर्मलाबाईच्या अंगनात नेला.

"पहिल्याच मिनिटात धक्का पाहिजे, असं कंपनीनं सांगतलं आहे," टीना म्हनली.

धक्का बापा कसा! एक बाई तेंदूच्या पोत्यात हात घालते, अन् बाईमानसाचा तुटका हात बाहेर येते. बाजूले बसलेली आनंदाबाई केवढ्यानं किंचाळली! मंग मागची गोष्ट सुरू होते. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीले सासरचे लोक न्याले येते. तिची माय मागच्या दाराची कडी हळूच काढून ठेवते, त्याईले बसवते, चहा मांडते, हासत हासत विचारते, "जवाईबापू, साखर किती टाकू?" अन् तेवढ्यात पोरगी मागच्या दारानं निसटते. पन शेवटी सापडतेच, अन् तो हात तिचाच निंघते.

पिक्चर संपला. मी टाळ्या वाजवल्या. निर्मलाबाई म्हनली, "तो हात काढून टाक."

तवाच मी ते दुसरी पासवालं बोलली. टीनाचं तोंड एवढंसं झालं.

निर्मलाबाई रागावली नाई. तिनं आपलं सूप पुढं सरकवलं. तिची एक सवय आहे, वळलेली बिडी ती ढिगात टाकत नाई, रोवनीच्या धानावानी ओळीनं लावते. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तुटक्या हाताच्या वक्ताच्या." साऱ्या घट्ट, एकसारख्या. "दचकलो आमी. मांजरीनं दुधाचा गंज पाडला तरी दचकतो. काम थोडीच थांबते?" बोट पुढच्या ओळीवर गेलं. "अन् हे साखरेच्या वक्ताच्या."

दोन ढिल्या. तिनाईचं पान फाटलेलं. एकीले सूतच नाई.

"आता तुमचे सुपं पाहा," ती म्हनली. आमी पाहिलं. माह्या हातात अर्धं कापलेलं पान तसंच होतं. आनंदाबाईची तंबाखू लुगड्यावर सांडली होती अन् तिले पत्ताबी नवता. अवं माय! पिक्चर कुठं जित्ता आहे अन् कुठं मेला आहे, हे ते बाई बिड्याईवरून वाचून राहिली होती.

"हासूबी येत होतं, जीवबी मुठीत होता," निर्मलाबाई म्हनली. "असं लिवाले अक्कल लागते. तुटका हात कोनीबी दाखवते." मंग एकदम आवाज बारीक करून म्हनली, "टीना, हे साखरेचं तू कुठून आनलं?"

"मी पाहिलं होतं, मावशी. दहा वर्षाची होती. तुमच्या ओसरीतच बसली होती."

आता माह्या डोक्यात उजेड पडला. निर्मलाबाईची रिता! अकरा वर्षं झाले. नवऱ्याच्या माराले कंटाळून आली अन् दोन दिवसांत माहेरूनबी पळाली, एवढंच आमाले ठाऊक. आता रायपूरले एकटी राहाते, कमावते. पन मायच्या घरी पाय नाई ठेवला. दिवाळीले फोन करते, तोबी दोन मिनिटं. काहून, ते निर्मलाबाईलेबी समजलं नवतं.

"माह्या रिताचा हात शाबूत आहे," ती म्हनली. "मंग तू काहून तोडून राहिली?"

टीनानं पिक्चरमंधला तो हात काढला. पोरगी दारातून निसटते, तिथंच पिक्चर संपवला. मी ओरडली, "अवं, त्याईले धक्का पाहिजे! नोकरी जाईन!" तिनं ऐकलं नाई. पाचाले दहा कमी असताना कंपनीले पाठवला, अन् निर्मलाबाईनं सांगतलं मनून रितालेबी.

गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं. नापास. धक्का कमी पडला मने. डोंबलाचा धक्का! मी दिवसभर भांडे आपटले. श्रावण तुमसरवाल्याईले होकार कळवाले निंघाला, तेवढ्यात निर्मलाबाई वाजनारा मोबाईल घेऊन आमच्या दारात आली. "रिताचा आहे. दिवाळी नाई, काई नाई. मले उचलाचं भेव लागून राहिलं." मीच उचलला अन् स्पीकरवर टाकला.

"माय," रिता म्हनली, "मी तवा भिताडाच्या मांगं उभी होती. तू त्याईच्यासंग हासत होती, साखर विचारत होती. मले वाटलं, तू मले वापस देऊन राहिली."

"अन् मागचं दार कोनं उघडं ठेवलं होतं, बाई?"

"ते आता पाहिलं, माय. अकरा वर्षं मले वाटत होतं, का दार चुकून उघडं राहिलं." अन् रिता हमसून हमसून रडाले लागली. "मी शनिवारी येतो."

निर्मलाबाई उंबरठ्यावरच खाली बसली. श्रावण चपला घालून उभाच होता. त्यानं डोळे पुसले, चपला काढल्या अन् टीनाले विचारलं, "दुसरा पिक्चर कवा काढतेस?"