गच्चीवरची पानं

माझ्या बायकोला एक कादंबरी आवडली नाही. त्यात दोष कादंबरीचा नव्हता, माझा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस पुस्तक नको, मोबाईल नको, टीव्ही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात ती काळा चष्मा लावून नुसती बसून असायची. नागपूरला कॉलेजात शिकणारी तिची भाची सौंसरहून भेटायला आली, तेव्हा तिनं एक नवी कादंबरी आणली. प्रेमाची, पण हसवणारी. "आत्या, हसून हसून पोट दुखन तुझं," म्हणाली. वाचून दाखवायचं काम माझं, हे तिनं परस्पर ठरवूनही टाकलं.

मी शाळेत हिंदी शिकवतो. मोठ्यानं वाचणं हा माझा रोजचाच धंदा. शाळेतून आलो, चहा झाला, की सुरू करायचो. सुरुवात खरंच गमतीची होती. नायिका चुकून भलत्याच लग्नाच्या हॉलमध्ये शिरते, पोटभर जेवते, आणि आहेराचं पाकीट देताना तिला कळतं की नवरा-नवरी दोघंही अनोळखी. बायको इतकी हसली की डोळ्यांना ताण पडेल म्हणून मीच घाबरलो. माझ्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

पुढं मात्र माझा विरस होत गेला. पुण्यातली ती दोघं. घरात कोणी आजारी नाही, बदलीची भीती नाही, भांडण तर कॉफीवरून. मी मनातल्या मनात लाल रेघा मारत वाचत होतो. आणि मग नायक बोलायला लागला. गच्चीवर, तिच्यासमोर उभा राहून, पानंच्या पानं. तिचं काय काय आवडतं, ती दिसली नाही की दिवस कसा जातो, सगळं.

पहिल्याच वाक्याला मी अडलो. समोर ही माझ्याकडे तोंड करून बसलेली. असलं एकही वाक्य मी तिला कधी बोललो नव्हतो. दुसऱ्याच्या तोंडचं म्हणूनही ते माझ्याच्यानं म्हणवेना. मी पानं उलटली आणि लग्नाच्या खरेदीपासून पुढं वाचायला लागलो.

"अहो, असं कसं?" ती म्हणाली. "काल तं भांडून राहिले होते."

"जमलं त्यांचं."

"पण काऊन जमलं?"

"पुस्तकात जमतेच," मी म्हणालो.

त्यानंतर नायक तोंड उघडतोय असं दिसलं की मी तेवढं गाळायचो. तिला पान दिसत नव्हतं. कादंबरी संपली तेव्हा तिनं काळा चष्मा नीट केला. मग म्हणाली, याच्यात काही दम नाही बापा, भांडतात काऊन अन् हसतात काऊन, समजतच नाही. मी हो म्हणालो. आजकालचे लेखक घाईत लिहितात, असं वर जोडलंही.

एवढ्यावर थांबतो तरी चाललं असतं. संत्र्याची तोड सुरू झाली तेव्हा आम्ही सौंसरला तिच्या माहेरी गेलो. अंगणात सगळे संत्री सोलत बसलो होतो. भाचीनं पुस्तकाचं विचारलं आणि बायकोनं खरं ते सांगितलं, काही खास नाही. पोरीचं तोंड उतरलं. आत्यासाठी म्हणून तिनं ते मुद्दाम निवडलं होतं.

"अन् गच्चीवर तो बोलते ते? मी तं रडलीच होती ते वाचून."

"कुठची गच्ची?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही, आपलं काही राहून गेलं असेल तर सांगा, अशा नजरेनं. आणि मी म्हणालो, "वाचलं होतं मी. तुला झोप लागली होती."

तिच्या भावासमोर, वहिनीसमोर. सगळे हसले. वहिनीनं टोमणा मारला, नवरा वाचून दाखवते अन् बाई घोरते, आमच्या नशिबी तं वाचणाराही नाही. बायको ओशाळली. "असंल," म्हणाली, "डोळ्यात औषध टाकलं का पेंग येते." भाचीचा हात धरून तिनं चुकलं म्हटलं. परतताना बसमध्ये मलाही म्हणाली, तुमी एवढं वाचलं अन् मी झोपली, तुमाले वाईट वाटलं असंल.

मी "राहू दे" म्हणालो. माफ केल्यासारखं.

ती झोपली नव्हती. एकाही दिवशी नाही. माझा चहा संपायच्या आधीच ती खुर्ची ओढून बसलेली असायची.

आता तिचे डोळे चांगले आहेत. पण काही वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणते, तुमी थकता अन् मले झोप लागते. स्वतःबद्दल हे तिनं आता धरूनच ठेवलं आहे. भाचीचं पुस्तक परत गेलं होतं, म्हणून मी नागपूरहून दुसरी प्रत मागवली. ती पानं एकट्यानं वाचून पाहिली. थोर आहेत असं अजूनही म्हणणार नाही, जरा पाल्हाळच आहे. पण तो माणूस निदान बोलतो तरी.

तिला झोप लागली नव्हती, हे मला सांगायचं आहे, तिच्या भावाच्या अंगणात, त्याच माणसांसमोर. आणि ती पानं तिला मोठ्यानं वाचून दाखवायची आहेत. तिचं एवढं माझ्याकडे बाकी आहे.