कानापर्यंतची उंची

लग्नानंतर ह्यांनी बुलढाण्यात, कोर्टाच्या वाटेवर, फोटोचं दुकान टाकलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जिल्ह्याच्या गावात कचेऱ्या वाढत होत्या, आणि फोटो काढायला येणाऱ्यांना आपण रंगीत दिसावं अशी भारी हौस होती. रंगीत फिल्म आमच्याकडे कुठून असणार? हे काळापांढरा फोटो छापून द्यायचे आणि मी कापसाच्या बोळ्यानं नि बारीक कुंचल्यानं त्यावर तेलाचे रंग चढवायची. लोक म्हणायचे, फोटो झकास आला. ह्यांना वाटायचं, कौतुक कॅमेऱ्याचं चाललंय. मी हसून गप्प बसायची.

पण माझ्या रंगाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

एके दिवशी अमडापूरहून एक मावशी आल्या, सोबत थोरला लेक. त्यांचा भाजीचा मळा होता. लेकानं नवं घर बांधलं होतं आणि बैठकीत आईबापाचा फोटो लावायचा होता. अडचण अशी की बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. बापाचा एकच काय तो फोटो कुणाच्या तरी लग्नातला, वऱ्हाडाच्या रांगेत अगदी कडेला उभा, माझ्या बोटाएवढा.

मावशींनी माझा हात धरला. "पोरी, जलमभर संसार केला, पण त्यायच्या बाजूले उभी असलेली मी मले कधी दिसली नाही. एवढं एक करून दे."

असं जोडकाम आम्ही करायचो. मावशींचा नवा फोटो काढायचा, त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना मोठा करायचा, दोन्ही कापून शेजारीशेजारी चिकटवायचे, त्याचा पुन्हा फोटो काढायचा आणि सांधा कुंचल्यानं बुजवायचा. मावशी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. मला विचारायला जड गेलं, तरी विचारलं, "मावशी, कुंकू रंगवू का?"

"त्यायच्या बाजूले उभी हाय ना मी?" त्या म्हणाल्या. "मंग लाव."

मालकांच्या फेट्याचा रंग कळावा म्हणून त्यांनी पदराच्या गाठीत फेट्याची चिंधी बांधून आणली होती. मी ती दारातल्या उजेडात उलगडून पाहिली. वरून धुऊन धुऊन फिकी पडली होती, पण दुमडीच्या आत मूळचा डाळिंबी रंग शाबूत होता. मी तोच उचलला. चेहराही जरा उजळ ठेवला. सगळ्यांनाच ठेवायचो. फोटो इतका देखणा झाला की ह्यांनी तो दुकानाच्या काचेत लावू का म्हणून विचारलं.

मावशी आल्या. फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. मग माझ्याकडे बघून बिचकत म्हणाल्या, "हे कोन होय?"

झालं, माझा पारा चढला. पण मावशींचं तोंड इतकं उतरलं होतं की शब्द गिळला. फोटो परत घेतला, कापसानं रंग पुसले आणि नव्यानं बसले. चेहरा मळ्यातल्या उन्हानं रापलेला केला. फेटा डाळिंबी न ठेवता चिंधीसारखा फिका केला. मावशी पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "रंग आता सारा बरोबर हाय. फेटा तं त्यायचाच. पण हे ते नाहीत वो."

"मावशी, चेहरा त्यांच्याच फोटोतला आहे," हे म्हणाले. "मी एक रेघ बदलली नाही."

"असंन बापा. चेहऱ्याचं मी काय सांगू? इतक्या वर्सात तो तं मले बी लख्ख आठवत नाही आता." त्यांचे डोळे भरले. "पण माह्या बाजूले उभे राह्यले की कसं वाटे, ते याद हाय. हे तसं वाटून नाही राह्यलं."

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, नुसता धीर द्यायला. मी ठेंगणी, मावशी चांगल्या उंचपुऱ्या. त्यांनी मान वळवून माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाल्या, "हे पाहा! हे असे होते ते! कानापावतर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅमेऱ्याचं काळं फडकं घडी करण्यात अगदी गढून गेले. मालकांची उंची ह्यांनी विचारलीच नव्हती. जोडफोटोत नवरा उंचापुरा आणि बायको त्याच्या खांद्याला, असा ह्यांचा शिरस्ता, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती.

आता तक्रार केली मावशींसोबत आलेल्या लेकानं, पण उलटीच. "आहे तसाच राहू द्या भाऊ. बैठकीत सोयरेधायरे येतात. बाप मायच्या कानाएवढा दिसला तं लोक हासतीन."

"हासू दे," मावशी म्हणाल्या.

"पण काऊन माय? चांगला दिसते ना उंच!"

मावशी बाकावर बसल्या. लेकाशी त्या असं कधी बोलल्या नसाव्यात, कारण बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. "घरात सासू-सासरे, दीर-जावा. आमाले दोघायले बोलाले जागा कुठं होती? ते बाजूनं जाता जाता माह्या कानात सांगून देत. त्यायले टाचा उचला नाही लागे, मले वाका नाही लागे. कोनाले कळे बी नाही. तू त्यायले एवढं उंच करून ठेवशीन, तं ते बोलतीन कुठं?"

लेक ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "माय म्हणते तसं करा."

ह्यांनी मालकांचा फोटो पुन्हा छापला, आधीपेक्षा लहान, आणि मावशींच्या कानाशी आणून चिकटवला. मी रंग भरले. खरं सांगते, बघणाऱ्याला तो पहिल्यासारखा रुबाबदार नव्हता. एक ठेंगणा, सावळा, फिक्या फेट्याचा माणूस आणि त्याच्याहून उंच, कुंकवाची बाई.

मी मावशींच्या हातात फोटो दिला. त्यांनी तो या वेळी लांब धरला नाही की उजेडात नेला नाही. नुसता पाहिला. आणि त्यांचा मोकळा हात आपोआप वर गेला, मागं सरकलेला पदर त्यांनी कपाळापर्यंत पुढं ओढून घेतला. चेहऱ्यावर नव्या नवरीची लाज होती.

"तुमी सारे," त्या मान खाली घालूनच हळू म्हणाल्या, "जरा बाहेर थांबता का?"

दुकानाचे मालक आम्ही, आणि त्यांचा तो उंच लेक, तिघंही मुकाट्यानं बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो.