उंबऱ्यावरचं बोंडलं

चैत्र वद्य चतुर्थी, गुरुवार. सकाळपासून ऊन कडक, वारा नाही. कावेरीच्या पात्रात नुसती वाळू.

बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवून परतताना मला दोनच गोष्टी मिळतात: एक नारळ आणि एखादा किस्सा. नारळ चटणीत संपतो, किस्से वहीत साठत जातात. धाकट्या भावाच्या पाटीवर गिरवून अक्षरं शिकले, ती या कामी आली.

आज लिहायचं आहे ते गोदाक्कांकडचं. त्यांची सून तुळजा. तिचं पहिलं बाळ दूध ओढेना, म्हणून बोंडल्याच्या चोचीने गाईचं दूध पाजलं. बाळ महिनाभरही टिकलं नाही. हे दुसरं, पाच दिवसांचं. हेही छातीला धरत नाही. पण जुने किस्से पुढे पुढे करतायत, तर आधी ते.

*

आमच्या गल्लीत कोर्टातले एक कारकून राहतात. त्यांनी कुठल्याशा मडमेच्या पुस्तकातून टाईमटेबल उतरवून भिंतीवर लावलं: तीन-तीन तासांनीच पाजायचं. बाळ सव्वा दहाला रडायला लागलं की हे घड्याळाकडे बोट दाखवत, "अजून पाऊण तास!" बाळ सुकलं, आईची छाती दगडासारखी झाली.

माझ्याबरोबर येणारी सुईण पोन्नम्माळ स्टुलावर चढली, घड्याळ थांबवलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी गेली.

आठ दिवसांत बाळाला गाल आले. कारकून मात्र रोज कोर्टात लेट!

*

नाचियार्कोविलला पितळी दिवे ओतणाऱ्याची बायको. दूध इतकं दाटलं की बाळाच्या तोंडात काही धरवेना. शेजारणीने छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायला सांगितली. दूध आटवायला इकडे ती बांधतात. नवरा हौशी! रोज ताजा गजरा हजर. चौथ्या दिवशी दूध जवळजवळ गेलंच.

पोन्नम्माळने फुलं काढून टाकली, तासातासाला बाळ लावलं. दूध परत आलं. जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, बायकोचं कौतुक करायचंय ना? मग हलवा आणा!"

*

साक्कोट्टैच्या एका आजीला सुनेचं दूध वाटीत काढून बघायचं होतं. "कमी आहे, मला माहीत आहे!"

"सून आणलीत की म्हैस?" पोन्नम्माळने विचारलं.

मी म्हटलं, "आजी, वाटी राहू दे. दिवसाला ओली दुपटी किती, ती मोजा."

तेव्हापासून आजी दोरीखाली उभ्या. पोस्टमन पत्र घेऊन आला, तर आधी त्याला ऐकवलं, "आज आठ!"

*

आज पोन्नम्माळ तिरुनागेश्वरमला दुसऱ्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून गोदाक्कांकडे मी एकटीच. त्या उंबऱ्यावर बसलेल्या, शेजारी घासूनपुसून ठेवलेलं बोंडलं. दहा दिवसांचं सोयर. बाळंतिणीला शिवलं की डोक्यावरून आंघोळ. म्हणून पाच दिवस त्यांचा सगळा कारभार उंबऱ्यावरून. तिथून त्यांना दिसत होती फक्त तुळजाची पाठ.

"डोकं दाब गं! अजून दाब!"

तुळजा दाबायची. बाळ मान ताठ करून मागे रेलायचं, किंचाळायचं.

"डोकं सोड," मी म्हटलं. "हनुवटी टेकू दे, तोंड आपोआप उघडेल."

"काशी, पाच पोरं वाढवलीत मी! तुळजा, तू दाब गं. नाहीतर दुपारी गाईचं दूध मागवते."

तुळजा हळूच मला म्हणाली, "अक्का, हेही जाईल."

मी बाजूला सरकले. "गोदाक्का, तुम्हीच येऊन दाबा."

"सोयर आहे!"

"विहीरही आहे."

गोदाक्का बोंडल्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आत आल्या, बाळाच्या डोक्यामागे तळवा ठेवून दाबलं. इवलीशी मान त्यांच्या हाताखाली ताठ झाली. त्यांनी हात झटकन काढून घेतला. जरा वेळाने तोच हात बाळाच्या पाठीला, खांद्यांखाली लावला. डोकं मोकळं. बाळाने हनुवटी टेकवली, जांभईएवढं तोंड उघडलं आणि धरलं. गिळल्याचा आवाज आला.

"अत्या, बघा..." तुळजा सासूला म्हणाली.

"श्श! पिताना बोलायचं नाही."

दिवेलागणीपर्यंत बाळ पाच वेळा प्यालं. गोदाक्का विहिरीवर पाच वेळा न्हाल्या. बोंडलं कोरडं.