जिनिंगच्या शेडमधला फुटबॉल

परभणीत पगारी फुटबॉल संघ मी काढला, आणि तोही छपराखाली खेळणारा. त्याला कारण एका क्लबचे चिटणीस. मैदान त्यांच्या ताब्यात होतं. आमच्या पोरांना कधीमधी खेळू द्या, एवढंच मागायला मी गेलो होतो. चार लोकांत त्यांनी विचारलं, "मेंढरं चारायला पाहिजे का मैदान?" मी बोरीच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांचे सौदे करून वर आलेला माणूस. ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

पावसाळ्यात मैदानाचा काळा चिखल झाला की क्लबसुद्धा घरी बसायचा. कापसाचा हंगाम येईपर्यंत जिनिंगची शेड मात्र रिकामी असायची. ती मी भाड्यानं घेतली. खेळाडू बाजाराच्या रीतीनंच ठरवले, उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून. ऑटो चालवणारा आमचा कप्तान वैतागला.

"मालक, आता दात बी बघता का माझे?"

"बघितले. म्हणून तर भाव कमी लावला."

चारी बाजूंनी पत्र्याच्या भिंती होत्या. म्हणून नियम मी केला: चेंडू भिंतीला लागला तरी खेळ चालूच.

मग चिटणिसांना त्यांच्याच लोकांसमोर गाठलं. "आमच्या शेडमध्ये, आमच्या नियमानं एक सामना खेळा. आम्ही जिंकलो तर हिवाळ्यात मैदान द्यायचं. हरलो तर संघ मोडतो." नाही म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे सामना दोनदा पुढे गेला. शेवटी एका रविवारी दुपारी झाला. दारात तिकिटं फाडायला बायको बसली होती. शेड गच्च भरली. काही जण सरकीच्या पोत्यांवर चढले. चेंडू पत्र्यावर आदळला की वरून गेल्या हंगामाचा कापूस भुरभुरायचा आणि खेळणारे, बघणारे सगळे शिंकायचे. काय मजा आली म्हणून सांगू!

दोन-दोन बरोबरी झाली. तेवढ्यात भिंतीला लागून आलेला चेंडू क्लबच्या पोरानं आमच्या गोलात मारला. "बाहेर गेला होता!" असं ओरडत मी आत धावलो आणि पंचाची शिट्टीच धरली.

कप्तान आडवा आला. "मालक, नियम तुमीच केलाय."

"मग आत्ता बदलतो!"

"तुमी भाईर जा. न्हाई तर आमी खेळत न्हाई."

बायकोनं दंड धरला. "चला भाईर. तुमच्याकडं तिकीट बी न्हाई."

स्वतःच्या संघाच्या सामन्यातून मला असं हाकललं. पत्र्याला कान लावून उभा राहिलो. आत एकदम गलका झाला.

"काय झालं गं?"

"शिव्या बंद करा, मग सांगते." मी गप्प बसलो. "बरोबरी झाली!"

मग कानाशीच पत्रा धाडकन वाजला, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि सगळी शेड ओरडली. बायको पदर खोचून दारात उड्या मारत होती. "चार! आपले चार झाले!" चेंडू भिंतीला लागताच क्लबची पोरं मैदानाच्या सवयीनं थांबली होती. आमच्या कप्तानानं तेवढ्यात गोल केला होता.

सामना संपल्यावर चिटणीस डोक्यावरचा कापूस झटकत बाहेर आले. "रविवारी सकाळी घ्या मैदान."

"शर्त मैदानाची होती, रविवारची नव्हती. बुधवार पण पाहिजे."

"घ्या. पण ओरडू नका."

"लगे हात शुक्रवार बी मागा, मालक," कप्तान मागून म्हणाला.

मागितला. मिळाला.